मुलाम्याखालचं निकेल

पॉझिट्रॉनच्या सापळ्यातल्या तांब्याच्या कड्यांना सोन्याचा मुलामा द्यायचा होता, आणि मी त्या मुलाम्याखाली निकेल मारून घेतलं. कुणी फसवलं नाही. मी स्वतः दुकानात उभा राहून, हातवारे करून ते मागून घेतलं. 'निकेल' हा शब्द तेवढा माझ्या तोंडातून गेला नव्हता.

लोखंड, कोबाल्ट, निकेल. चुंबकाकडे ओढले जाणारे धातू म्हणून ही नावं मी पहिल्या वर्षाच्या पोरांना दरवर्षी फळ्यावर लिहून देतो आणि खाली दोन रेघा मारतो. परीक्षेत कुणी विसरलं तर मार्क कापतो आणि वर ऐकवतो, "एवढंही लक्षात राहत नसेल तर मार्केटमध्ये जाऊन साड्यांच्या घड्या घाल." आता हा किस्सा ऐकून कुणी मलाच मार्केटमध्ये धाडलं तर माझी हरकत नाही. तिथंही मी घड्या उलट्याच घालीन.

मी सुरतेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. वडील खानदेशातून उधन्याला लूमवर आले, आणि मी लूमच्या खडखडाटात मोठा झालो म्हणून की काय, मला हळू बोलता येत नाही. थोडं बोलताही येत नाही. राग आला की तर विचारूच नका, आणि राग मला रोज येतो. कॉलेजच्या तळमजल्यावर, जिथं पूर्वी कापडाची ताकद तपासायची यंत्रं होती, त्या खोलीत आम्ही सापळा उभा करत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या हाताखाली पीएचडी करणारी एक मुलगी. ती डिंडोलीची. तिचे वडील ताण्याच्या मशीनवर. आमच्या दोघांच्या घरात अहिराणी चालते, पण प्रयोगशाळेत ती माझ्याशी शुद्ध मराठीत आणि मोजकंच बोलायची. आम्हा दोघांचं मिळून बोलणं मी एकटाच करायचो.

सापळा कशाला, ते सांगतो. इलेक्ट्रॉन सगळ्यांना माहीत असतो. पॉझिट्रॉन म्हणजे त्याचाच जुळा भाऊ, फक्त विद्युतभार उलटा. दोघे भेटले की दोघेही संपतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांचा लखकारा उरतो. आता आपण, टेबल, हवा, भिंत, सगळंच इलेक्ट्रॉनांनी भरलेलं, त्यामुळे पॉझिट्रॉनला या जगात टेकायला जागा नाही. जिथं टेकला तिथं संपला. अशांना धरून आणायचं, एका जागी जमवायचं, त्यांचा ढग होईल इतके जमवायचे आणि तो ढग टिकवायचा. मोठ्या प्रयोगशाळा अशा ढगापासून पुढे प्रतिद्रव्याचे अणू बनवतात. आमची उडी तेवढी नव्हती. आम्हाला नुसते जमवायचे होते. नातेवाईक विचारायचे, "बॉम्ब करता का?" मी म्हणायचो, "हो, पहिला तुमच्या सोसायटीवर." मग बायको मला आत बोलवून घ्यायची.

पॉझिट्रॉन निघतात किरणोत्सर्गी सोडियमच्या एका कणातून. तो कण शिशाच्या भिंतीआड असतो. निघतात ते सुसाट. टंगस्टनच्या पातळ पत्र्यातून जाताना त्यातले थोडेसे दमतात, आणि या दमलेल्यांना सापळ्यात आणायचं. सापळा म्हणजे एका लांब निर्वात नळीत ओळीनं मांडलेली तांब्याची जाड कडी, प्रत्येकावर वेगळं व्होल्टेज. सुरुवातीच्या कड्यांमध्ये किंचित नायट्रोजन सोडलेला असतो. हे मी विद्यार्थ्यांना खानदेशी पाहुणचारावरून समजावतो. घाईत आलेला पाहुणा सारखा "निघतो, निघतो" करत असतो. त्याला एक चहा पाजायचा. तो जरा ढिला पडतो. आतल्या खोलीत नेऊन दुसरा पाजायचा. त्याच्याही आतल्या खोलीत गादीवर टेकवला की उठून उंबरठा ओलांडायचं बळ त्याच्यात राहत नाही. नायट्रोजन म्हणजे चहा. व्होल्टेज म्हणजे उंबरठा. आणि पाहुण्याचं अंग भिंतीला लागू नये म्हणून नळीभोवती तारेचं मोठं वेटोळं, त्यातून वीज, आणि त्या विजेचं सरळ, एकसारखं चुंबकीय क्षेत्र. ते जरा वाकडं झालं की पाहुणा बसल्या जागी हळूहळू भिंतीकडे सरकतो, आणि संपतो.

मुलीचं सगळं या सापळ्यावर अडलं होतं. परदेशातल्या एका प्रतिद्रव्याच्या प्रयोगशाळेत तिच्यासाठी जागा जवळजवळ धरून ठेवली होती. तिथल्या प्रमुख बाईंनी एकच गोष्ट मागितली होती: तुमच्या सापळ्यात ढग किती वेळ टिकतो, त्याचा आलेख. त्यांनी दिलेली मुदत आमच्या नवरात्राच्या सुमारास संपत होती. आलेख आला नाही तर जागा दुसऱ्या कुणाला. शिवाय आमचा सोडियमचा कण रोज थोडा थोडा मंदावत होता, आणि नवा आणायची परवानगी मिळवायची म्हणजे एक वेगळा जन्म.

अशा वेळी प्राचार्य फोटोग्राफर घेऊन आले. आमच्या कॉलेजात फ्लेक्स आधी छापतात, प्रयोग मागाहून होतो. झाला तर. मुलीनं सकाळभर बसून कडी अॅसिटोननं धुतली होती आणि स्वच्छ कागदावर ओळीनं वाळत ठेवली होती. प्राचार्य दारातूनच म्हणाले, "ये भंगार किसका है? फोटो में आ रहा है. हटाओ."

मुलीनं हातमोजे घातले आणि एकेक कडं उचलायला लागली. माझी कानशिलं तापली. तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं की साहेब, हे भंगार नाही, या खोलीत भंगार दुसरंच कुणीतरी आहे. पण प्राचार्यांपुढे माझा राग शेपूट घालतो, आणि बाहेर जाऊन दुसऱ्याच कुणाला चावतो. मी म्हणालो, "सर, अजून सोनं चढायचंय."

"सोना?" त्यांचा चेहरा बदलला. "अच्छा! चढाओ, चढाओ."

सोनं खरंच चढवायचं होतं, शोभेसाठी नव्हे. उघड्या तांब्यावर हवेनं पापुद्रा धरतो, मग व्होल्टेज सगळीकडे सारखं राहत नाही. सोन्यावर तसलं काही होत नाही. जुन्या शहरात एक मुलामेवाले माझ्या ओळखीचे. पूर्वी जरीवर सोनं चढवायचे, हल्ली इमिटेशन दागिन्यांवर चढवतात. मुलगी म्हणाली, "सर, मी येते सोबत. त्यांना नीट सांगावं लागेल." मी म्हणालो, "काही गरज नाही. त्या गल्लीत माझं चालतं." गल्लीत माझं काय चालतं? तोंड.

दुकानात आम्लाचा वास, पंख्याची घरघर, टाकीवर तारेला लोंबणारी झुमक्यांची रांग. मुलामेवाल्यांनी चहा मागवला. मी कड्यांची पिशवी त्यांच्यापुढे ओतली आणि प्राचार्यांची सगळी कथा नक्कलांसकट सांगितली. सांगता सांगता राग पुन्हा चढला. त्यांनी हसत विचारलं, "केवुं जोईए, साहेब?" कसं हवं?

मी म्हणालो, "एवी चमक आपो के अमारो साहेब आंधळो थई जाय." आमचा साहेब आंधळा होईल अशी चमक द्या.

"टकाऊ?"

"वर्षानुवर्षं!"

"थई जशे, होऊन जाईल," ते म्हणाले. चकाकी टिकवायची तर ते खाली काय घालणार, हे विचारायची हीच वेळ होती. मी तेव्हा त्यांना अँटीमॅटर समजावत होतो. टाकीवर काम करणारी माणसंही हातातलं सोडून ऐकायला आली. मला वाटलं, काय श्रोते आहेत!

कडी परत आली ती अशी झळझळीत की मी त्यात केस विंचरले. प्राचार्यांनी "अरे वाह!" केलं. दुसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर मी, हनुवटीजवळ कडं धरून, लग्नात सुनेचा दागिना दाखवणाऱ्या सासऱ्यासारखा हसतोय. जास्तीचं एक कडं प्राचार्यांनी स्वागतकक्षातल्या काचेच्या कपाटासाठी नेलं.

आम्ही सापळा जोडला. नळीला तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळल्या, वर अॅल्युमिनियमची फॉइल, आणि दिवसचे दिवस भाजून तिच्या पोटातली हवा आणि ओल काढली. मग पॉझिट्रॉन सोडले. ते आले. चहा प्याले. गादीवर बसले. आणि बघता बघता भिंतीला लागून संपले. ढग म्हणावा असा जमेच ना. जमला तर टिकेना.

तो सगळा उन्हाळा मी चिडलेला होतो. पंपावर चिडलो, त्याचं तेल बदलून घेतलं. वरच्या मजल्यावर ड्रिल चालवणाऱ्या सुताराला जाऊन बोललो. तो म्हणाला, "साहब, मैं तो दरवाज़ा लगा रहा हूँ." विजेच्या खात्यावर चिडलो. नायट्रोजनच्या सिलिंडरवाल्याला फोनवर झापलं, त्यानं शांतपणे सिलिंडर बदलून दिला, तेव्हा त्याच्या शांतपणावर चिडलो. आणि हे सगळे संपल्यावर उरली ती मुलगी.

कड्यांना व्होल्टेज द्यायचं काम तिचं होतं. ती रोज तपासून, पुन्हा तपासून द्यायची. एका सकाळी, बाकीची पोरं उभी असताना, मी तिला म्हणालो, "घोळ तुझ्या व्होल्टेजमध्ये आहे. घरी लूम चालतं तसं हे यंत्र चालवू नकोस."

तिचे वडील ताण्याच्या मशीनवर, माझा बाप लूमवर, आणि हे वाक्य माझ्या तोंडातून गेलं होतं. ती मीटरवरून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "लूमवर धागा तुटला तर मशीन आपोआप थांबतं, सर. आपल्याकडे तशी सोय नाही." आणि पुन्हा मीटरकडे वळली. ती मला थांबायला सांगत होती, हे मला घरी जेवताना कळलं.

दोनेक दिवसांनी ती म्हणाली, "नळी उघडू या. कडी बाहेर काढून आणि परत घालून, दोन्ही वेळा आतलं चुंबकीय क्षेत्र मोजू."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "उघडली की पुन्हा भाजणं आलं. वेळ आहे का आपल्याकडे? तुलाच जायचंय ना परदेशी?"

"मला जायचंय म्हणूनच म्हणते."

"व्होल्टेज बघ."

पुढच्या आठवड्यात मी बारडोलीच्या एका शाळेत प्रतिद्रव्यावर भाषण द्यायला गेलो. आमच्या प्रयोगाचं कौतुक ऐकायला आता एवढीच जागा उरली होती. आजूबाजूला उसाची शेतं, आणि सभागृहात दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी उठून विचारते, "तुमच्याकडे आत्ता किती पॉझिट्रॉन साठवलेले आहेत?" खरं उत्तर होतं, एकही नाही. मी म्हणालो, "बेटा, मोजता येणार नाहीत इतके." टाळ्या पडल्या. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. मुलीचा निरोप: नळी उघडली आहे. लवकर या.

परतीच्या रस्त्यावर मी मनातल्या मनात तिला जे बोललो ते इथं लिहिण्याजोगं नाही. प्रयोगशाळेत शिरलो तेव्हाही तोंड उघडंच होतं. तिनं हात वर केला. टेबलावर मुलाम्याला न पाठवलेलं, लालसर तांब्याचं एक जास्तीचं कडं होतं आणि शेजारी एक सोनेरी. तिच्या चिमटीत पॉलिस्टरचा धागा, आणि धाग्याच्या टोकाला जुन्या इयरफोनमधून काढलेला टिकलीएवढा लोहचुंबक.

"आतलं क्षेत्र मोजलं," ती म्हणाली. "कडी घातली की वाकडं होतं. काढली की सरळ. हे बघा."

तिनं चुंबक तांब्याच्या कड्याजवळ नेला. तो सरळ लोंबत राहिला. मग सोनेरी कड्याजवळ नेला. तो सावकाश कड्याकडे कलला, आणि चिकटला.

"पंख्याचा वारा असेल," मी म्हणालो.

तिनं पंखा बंद केला. चुंबक सोडवला. पुन्हा नेला. पुन्हा चिकटला.

"माझा श्वास लागत असेल."

"मग श्वास रोखून धरा, सर."

मी रोखला. चुंबक तिसऱ्यांदा चिकटला. मी श्वास सोडला तो शिवीसकट. "मुलामेवाल्यानं खाली निकेल घातलं! चल. आत्ताच्या आत्ता चल. बघतोच त्याच्याकडे."

रिक्षात मी तिला समजावत होतो की या धंद्यात कशी बेईमानी आली आहे, कुणाला कशाची चाड राहिलेली नाही. ती रस्त्याकडे बघत होती. दुकानात पाऊल ठेवल्या ठेवल्या मी ओरडायला सुरुवात केली. मुलामेवाले आनंदानं उठले होते, ते उभ्याचे उभेच राहिले. माझं आटपल्यावर त्यांनी मुलीकडे बघून, हात जोडून सांगितलं, "बेन, तमारा साहेबे ज कीधुं हतुं. एवी चमक के साहेब आंधळो थई जाय. वर्षो टके एवी." म्हणजे, तुमच्या साहेबांनीच तसं सांगितलं होतं. मग मराठी-हिंदीच्या मिश्रणात समजावलं, की थेट तांब्यावरचं सोनं लवकर निस्तेज पडतं, इमिटेशनमध्ये चकाकी टिकवायची तर खाली निकेल घालावंच लागतं. मागच्या टाकीवरून एक जण म्हणाला, "हां हां, इन्होंने ही बोला था. बहुत मज़ा आया था उस दिन." माझे श्रोते. त्यांना माझं भाषण शब्दन् शब्द पाठ होतं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती मुलामेवाल्यांशी बोलायला लागली. लेथवर वरचा थर उतरवून आणते, निकेल अजिबात नको, खाली चांदी, वर सोनं, चकाकीची गरज नाही. ते म्हणाले, जरीवर आम्ही पूर्वी असंच चढवायचो, पण हे काळवंडेल हं. ती म्हणाली, "काळवंडू दे. आत कुणी बघणार नाहीये." बोलणं संपलं. आम्ही तिथं इतका कमी वेळ होतो की चहाही आला नाही.

परतताना रिक्षात मी गप्प होतो. माझ्या आयुष्यात हे क्वचित घडतं. उधना दरवाज्याच्या सिग्नलला ती म्हणाली, "उन्हाळाभर तुम्ही माझ्या व्होल्टेजला नावं ठेवलीत."

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो."

"आणि चकाकी प्राचार्यांना दाखवायला."

"त्यांनी भंगार म्हटलं ना!" माझा आवाज पुन्हा चढला. "तू सकाळभर बसून धुतलेल्या कड्यांना तो माणूस..."

"मला म्हटलं होतं का?" ती म्हणाली. "कड्यांना म्हटलं होतं. तुम्हालाच लागलं." सिग्नल सुटला. मला त्या क्षणी प्राचार्यांचा, फ्लेक्सचा, काचेच्या कपाटाचा आणि आमच्या या सगळ्या दाखवायच्या वेडाचा इतका संताप आला की मी रिक्षावाल्याला उगाच म्हणालो, "जरा नीट चालव." तो म्हणाला, "साहब, गाड़ी तो खड़ी है, आगे बस है." आणि खरंच, आम्ही उभेच होतो.

नवीन कडी आली ती मळकट पिवळी, शिळ्या वरणाच्या रंगाची. चुंबक त्यांच्याजवळ हलला नाही. नळी जोडली, गुंडाळली, भाजायला लावली. नवरात्र जवळ येत होतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत प्राचार्य पाहुण्यांचा जथा घेऊन तळमजल्यावर उतरले. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या नळीकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "ये चिप्स के पैकेट जैसा क्या है? कितनी गरमी है यहाँ! बंद करवाइए इसे. और वो सोने वाला निकालकर दिखाइए."

भाजणं मध्येच बंद केलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुलगी नळीजवळ उभी होती. तिनं तापमानाच्या बटणावर हात ठेवला आणि तिथंच ठेवला.

या वेळी माझ्या रागानं शेपूट घातली नाही. पण मला शौर्य दाखवायचा अनुभव नाही, त्यामुळे मी माझ्याकडे होतं तेच हत्यार काढलं. मी दारात आडवा झालो आणि म्हणालो, "सर, असली चीज़ तर वर आहे, स्वागतकक्षात. चला." आणि पाहुण्यांना काचेच्या कपाटापुढे उभं करून मी त्या निकेल मारलेल्या निरुपयोगी कड्यावर बोलत सुटलो. दात ओठ खात बोललो. त्याच्या चकाकीचं वर्णन केलं, त्याच्या भविष्याचं वर्णन केलं, प्रत्येक वाक्यागणिक स्वतःची चीड येत होती आणि प्रत्येक वाक्याला माना डोलत होत्या. पाहुण्यांची जेवणाची वेळ टळली. एक जण खाली बसला. शेवटी प्राचार्यच म्हणाले, "बस, बस, बहुत बढ़िया." तळमजल्यावर परत जायची कुणाची इच्छा राहिली नव्हती.

खाली आलो तेव्हा मुलगी म्हणाली, "तुम्ही इतका वेळ काय बोलत होतात?"

"खोटं," मी म्हणालो.

ती पहिल्यांदा हसली. अगदी थोडं, आणि लगेच थांबली.

भाजणं पुरं झालं, नळी थंड झाली, आणि एका दुपारी तिनं पॉझिट्रॉन सोडले. ते आले, बसले. तिनं थोडं थांबून त्यांना नळीच्या टोकाच्या पत्र्यावर संपायला सोडलं. डिटेक्टरवर लखकारा. मग जास्त थांबून सोडलं. लखकारा. आणखी थांबली. मी तोंडावर हात धरून बसलो होतो, तिनंच धरायला सांगितला होता. उन्हाळ्यात ज्या अवधीत काहीच उरत नव्हतं, त्यापलीकडे ती थांबत गेली आणि प्रत्येक वेळी लखकारा आला. हळूहळू मंदावणारी, नीटस, वळत गेलेली एक रेषा. तिनं ती रेषा, शेजारी उन्हाळ्यातली लगेच कोसळणारी रेषा जोडून, मुदतीच्या आत पाठवली. मला दाखवून पाठवली नाही. मला ती पाठवल्यावर कळलं.

बाईंनी लगेच मुलाखत ठेवली. त्यांची सकाळ, आपली दुपार. मी मुलीला तयारी करून देत होतो, म्हणजे ती तयारी करत होती आणि मी मध्ये मध्ये बोलत होतो. "इतका उशीर का झाला असं विचारलं तर सांग, पुरवठादाराची चूक. हे सगळीकडे चालतं." ती म्हणाली, "त्यांची चूक नव्हती." मी म्हणालो, "ते काय मुलाखत ऐकणार आहेत का? आणि हे बघ, गाइडची लाज राखणं हीसुद्धा एक..." तिनं लॅपटॉप उघडला. मी लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा उभा राहिलो.

पडद्यावर पिकल्या केसांच्या, बारीक चेहऱ्याच्या बाई होत्या. आलेखाबद्दल थोडं विचारलं. मग म्हणाल्या, "आधी टिकत नव्हता, मग टिकला. मध्ये काय झालं?"

"मुलाम्याखाली निकेल होतं," मुलगी म्हणाली.

"ते तिथं कसं आलं?"

मी लॅपटॉपच्या मागून दोन्ही हातांनी 'पुरवठादार, पुरवठादार' अशा खुणा केल्या. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"माझ्या गाइडनी चकाकी मागितली होती. कॉलेजच्या प्रमुखांना दाखवायला. आणि मला नळी उघडू दिली नाही. ते गावाबाहेर होते तेव्हा मी उघडली."

माझं डोकं भडकलं. खरं बोलली म्हणून नव्हे. इतकं थोडक्यात बोलली म्हणून. एवढी मोठी गोष्ट, चार वाक्यांत! प्राचार्यांची नक्कल नाही, भंगार नाही, दुकानातला वास नाही. मला राहवेना, म्हणून मी "वन मिनिट, मॅडम" म्हणत लॅपटॉपच्या पुढे डोकं घातलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. चहापासून. पाहुण्यांच्या गादीपासून. फ्लेक्सवर मी कसा दिसतो, इथपर्यंत आलो. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, रंगल्या. मी प्राचार्यांची नक्कल करायला घेतली.

बाईंनी हात वर केला. मी थांबलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या कानाच्या पलीकडे, खुर्चीत दाबली गेलेली मुलगी दिसत होती, तिच्याकडे बघून त्या म्हणाल्या,

"जागा तुझी. कागद उद्या निघतील. आता या माणसाला खोलीबाहेर काढ, मला कामाचं बोलायचं आहे."